राजापूरची सीट नालासोपाऱ्याला कशी गेली

आमच्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, ह्यावेळी मामाने पाठवला, वर राजापूरच्या गंगेचा फोटो (जिचा मजकुराशी काडीचा संबंध नाही) आणि खाली हात जोडलेले चार इमोजी. पहिल्या दोन वेळेला मी गप्प बसले कारण मोठी माणसं आहेत, कोण वाद घालणार, पण ह्यावेळी माझ्या भाच्याने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घातला म्हटल्यावर म्हटलं आता बसून लिहूयाच.

ज्यांच्यापर्यंत हा अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात मेसेज असा: राजापूर लोकसभा मतदारसंघ १९५२ पासून ५७ वर्षं कोकणचा अभेद्य किल्ला होता, काँग्रेसला इथे कधी शिरू दिलं नाही, कायम भूमिपुत्रच निवडून दिला, राजापूरने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले, त्यातल्या दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे आणली आणि थर्ड क्लास बंद केला, आणि अशा ह्या राजापूरचं नाव २००८ मध्ये रातोरात पुसलं, का तर एका घराण्याच्या मुलाला निवडून आणायला, आणि कोकणच्या वाट्याची सीट चोरून परप्रांतीयांच्या ठाण्याला दिली. कोकणी माणसा जागा हो, अकरा ग्रुपवर पाठव.

मी मूळची कणकवलीकडची, म्हणजे ह्याच राजापूर मतदारसंघातली, त्यामुळे राजापूरबद्दल प्रेम मलाही आहे, उलट मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जरा जास्तच असेल कारण मी निदान सालं तरी बघितली.

सुरुवात सालापासूनच करू. १९५२ ला राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हताच. तेव्हा होते रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण, आणि दोन्हीकडे निवडून आली होती काँग्रेस, उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. राजापूर हे नाव आलं १९५७ च्या निवडणुकीत आणि शेवटची निवडणूक झाली २००४ ला. म्हणजे धरून चाला ५२ वर्षं, ५७ नव्हे. पाच वर्षांचा फरक क्षुल्लक वाटेल पण ती पाच वर्षं धरली की ‘काँग्रेसला शिरू दिलं नाही’ हा पुढचा मुद्दा तिथल्या तिथे आडवा होतो, कारण सुरुवातच काँग्रेसने होते.

बरं, ती सोडून देऊ, फक्त राजापूर नाव लागल्यापासूनचं बघू. एकूण १३ निवडणुका आणि खासदार फक्त चार. बॅरिस्टर नाथ पै तीनदा (१९५७, ६२, ६७), प्रा. मधु दंडवते पाचदा (१९७१, ७७, ८०, ८४, ८९), सुधीर सावंत एकदा १९९१ ला, आणि मग सुरेश प्रभू चारदा (१९९६, ९८, ९९, २००४). ह्यातले सुधीर सावंत काँग्रेसचे. दंडवत्यांना हरवून आले, आणि दंडवते त्याच्या आदल्याच वर्षी देशाचे अर्थमंत्री होते हे लक्षात घ्या. तर ‘कधीच नाही’ हे चुकीचं. ‘तेरापैकी बारा वेळा नाही’ असं लिहिलं असतं तर मी काय बोलणार होते, तेही कौतुकाचंच आहे की! पण मेसेज लिहिणाऱ्यांना तेरापैकी बारा पुरत नाही, तेरापैकी तेराच पाहिजेत.

आणि खरी कौतुकाची गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच आहे. १९७१ ला इंदिरा गांधींची लाट होती, महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या, आणि दंडवत्यांचा प्रजा समाजवादी पक्ष सबंध देशात दोन जागांवर आला, त्यातली एक राजापूर. पुढे १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, त्यातही राजापूरने दंडवत्यांनाच पाठवलं. लाटेत न वाहणारी माणसं म्हणून मालवणी माणसाची छाती फुगवायची तर ह्याच्यावर फुगवा ना.

आता भूमिपुत्र. नाथ पै वेंगुर्ल्याचे, तिथपर्यंत बरोबर. दंडवते कुठले? अहमदनगरचे. जन्म तिथला, २१ जानेवारी १९२४, आणि नोकरी मुंबईत, सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक. कोकणात त्यांचं घर नाही, कलमं नाहीत, भावकीचा तंटा नाही, म्हणजे कोकणी असल्याचा एकही पुरावा नाही. माझी आजी त्यांना शेवटपर्यंत ‘ते नगरवाले’ म्हणायची आणि मत दर वेळी नगरवाल्यांनाच. सुरेश प्रभूंचं मूळ आपल्याकडचं पण जन्म मुंबईचा, शाळा दादरची, धंद्याने सीए. चार खासदारांपैकी सर्वात जास्त वेळा निवडून दिला तो माणूस घाटावरचा, आणि ह्याला हे लोक भूमिपुत्रांचा किल्ला म्हणतात.

ह्याच्याबरोबर ग्रुपवर अजून एक सुटं वाक्य फिरत असतं की नाथ पै गेल्यावर पोटनिवडणुकीत दंडवते आले. तेही नाही. लोकसभा २७ डिसेंबर १९७० ला बरखास्त झाली होती आणि नाथ पै बेळगावला गेले १८ जानेवारी १९७१ ला, वय फक्त ४८. म्हणजे ते गेले तेव्हा लोकसभाच नव्हती, पोटनिवडणूक कुठली, सरळ मार्चमधली सार्वत्रिक निवडणूक. नाथ पै आयुष्यभर विरोधी बाकावर बसले, कधी मंत्री झाले नाहीत, तरी आज पन्नासहून जास्त वर्षांनी गावात त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं आवाज खाली आणतात.

दोन रेल्वेमंत्री हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. दंडवते १९७७ ते ७९ मोरारजींच्या सरकारात रेल्वेमंत्री होते, राजापूरचे खासदार म्हणूनच, शंभर टक्के मान्य. पण सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले नोव्हेंबर २०१४ ला. तेव्हा राजापूर मतदारसंघ बंद होऊन साडेपाच वर्षं झाली होती, आणि प्रभू राज्यसभेत गेले ते हरियाणातून, नंतर आंध्रातून. राजापूरचे खासदार असताना ते वाजपेयी सरकारात होते, त्यात वीजखातं त्यांचं गाजलं, २००० ते २००२. तर हिशोबाने राजापूरने एक रेल्वेमंत्री आणि एक वीजमंत्री दिला. गंमत म्हणजे आणखी एक खातं मेसेजवाले विसरलेच, दंडवते १९८९-९० ला अर्थमंत्री होते, आणि कोकण रेल्वेची गोष्ट त्याच खात्यापाशी येऊन अडकते.

कारण कोकण रेल्वे दंडवत्यांनी रेल्वेमंत्री म्हणून आणली असं जे लिहिलंय ते तसं झालं नाही. ते रेल्वेमंत्री असताना हालचाल झाली ती आपटा ते रोहा ह्या तुकड्याची, दिवा-पनवेल-आपटा आधीच झालेलं होतं. रोह्याला गाडी पोचली १९८६ ला, आणि रोह्याच्या पुढे सगळा डोंगर, खाड्या आणि दिल्लीतल्या फायली. खरी कोंडी फुटली १९९० ला, तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि तिजोरीपाशी दंडवते. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून हा मार्ग कधीच झाला नसता म्हणून वेगळी कंपनी काढली, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन, १९ जुलै १९९०, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा, आणि बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून. ई. श्रीधरन प्रमुख. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी आणि २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग सुरू. त्या दिवशी दंडवते राजापूरचे खासदार नव्हते, ना रेल्वेमंत्री. म्हणून त्यांचं श्रेय कमी होतं का, अजिबात नाही. पण एका मंत्र्याने फायलीवर सही मारली आणि गाडी सुटली असं सांगितलं की जॉर्ज जातात, श्रीधरन जातात, आणि ह्या रेल्वेसाठी जन्मभर झटलेले अ. ब. वालावलकर तर मेसेजमध्ये नावालाही नाहीत. कुडाळच्या माणसाने तरी असा मेसेज पुढे ढकलू नये.

थर्ड क्लासचंही तेच. थर्ड क्लास रेल्वेतून गेला १९७४ ला, दंडवते मंत्री व्हायच्या तीन वर्षं आधी. त्यांनी केलं ते वेगळं होतं आणि माझ्या मते मोठं होतं, सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या होत्या त्यावर दोन इंची फोम बसवायला लावला. फर्स्ट क्लासची गादी जाड करणारे मंत्री पुष्कळ मिळाले असते. आपण आज कोकणकन्याच्या स्लीपरमध्ये रात्रभर कुशी बदलत शिव्या घालतो तेव्हा फळीवरची रात्र कशी असेल ह्याचा विचार करा. आणि १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांना काढून टाकलं होतं त्या कामगारांना परत घेतलं तेही त्यांच्याच काळात.

तर हे झाले किरकोळ मुद्दे. मामाला ह्यांच्याशी देणंघेणं नाही, त्याला आवडतो तो शेवटचा, सीट चोरली हा. आणि मला राग आहे तोही त्याच्यावरच.

आधी ‘रातोरात’ बघू. मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला गेला २००२ ला, अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. मसुदे छापले, जाहीर सुनावण्या झाल्या, हरकती घेतल्या, आणि फेब्रुवारी २००८ ला लागू झालं. सहा वर्षांची रात्र. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाबरोबर बसायचे पण त्यांना मताचा अधिकार नव्हता, आणि एकदा आदेश राजपत्रात आला की त्याच्यावर सहसा कोर्टातही जाता येत नाही. ज्या घराण्याचं नाव मेसेजमध्ये घेत नाहीत पण सगळ्यांना कळतं ते राणे. आता २००२ ला नारायण राणे होते शिवसेनेत, काँग्रेसमध्ये ते आले २००५ ला. म्हणजे आयोग बसला तेव्हा ज्या पक्षाचा उमेदवार पुढे पडणार होता त्याच पक्षात ते होते (प्रभू शिवसेनेचेच). २००९ ला निलेश राणेंनी सुरेश प्रभूंना हरवलं हे खरं, पण त्याच नकाशावर २०१४ ला आणि २०१९ ला विनायक राऊतांनी निलेश राणेंना हरवलं आणि २०२४ ला नारायण राणेंनी राऊतांना. कुणासाठी नकाशा कापला म्हणायचा मग? दर्जीने शर्ट शिवला आणि चारातल्या दोन वेळा मालकाला झालाच नाही.

आणि एकटा राजापूर पुसला असंही नाही. रत्नागिरी नावाचा जुना मतदारसंघही त्याच दिवशी गेला. शारदा मुखर्जी, शांताराम पेजे, बापूसाहेब परुळेकर, हुसेन दलवाई, गोविंदराव निकम, अनंत गीते असे खासदार दिलेला. दोन्ही मोडून एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग केला, आणि वरचे दापोली-गुहागर रायगडला जोडले. गीतेंनी उठून रायगड गाठलं आणि तिथे अंतुल्यांना हरवून आले. रत्नागिरीवाले मात्र अकरा ग्रुपवर काही पाठवत नाहीत, कारण नाव निम्मं का होईना राहिलं. म्हणजे दुःख सीटचं आहे की पाटीचं हे एकदा ठरवा. शिवाय पाटीही पूर्ण गेलेली नाही, राजापूर विधानसभा मतदारसंघ आजही आहे.

आता गणित. हे जरा सावकाश वाचा, मामा.

२००८ च्या आधीचा नकाशा होता १९७१ च्या जनगणनेवर. १९७१ ला अखंड रत्नागिरी जिल्ह्याची (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ च्या १ मेला) लोकसंख्या साधारण २० लाख आणि ठाणे जिल्ह्याची साधारण २३ लाख. महाराष्ट्र तेव्हा ५ कोटी ४ लाख, भागिले ४८ जागा, म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख. रत्नागिरीला दोन जागा, ठाण्याला दोन आणि थोडं वर. हे ‘थोडं वर’ कुठे गेलं तर वसई-विरारचा पट्टा चक्क उत्तर मुंबईला शिवून टाकला. म्हणून तर २००४ ला विरारच्या लोकांपुढे राम नाईक की गोविंदा असा प्रश्न होता.

त्यानंतर आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागा गोठवल्या आणि तीस वर्षं कुणी रेषांना हात लावला नाही. तीस वर्षं! आणि तीस वर्षांत काय झालं ते २००१ च्या जनगणनेत दिसलं. रत्नागिरी १६,९६,७७७. सिंधुदुर्ग ८,६८,८२५. बेरीज २५ लाख ६५ हजार. आणि ठाणे? ८१,३१,८४९. एकेकाळी आपल्या बरोबरीचा जिल्हा आता आपल्या तिप्पट. महाराष्ट्र ९ कोटी ६८ लाख ७८ हजार, भागिले त्याच ४८ जागा, एका खासदारामागे २० लाख १८ हजार. आता तुम्हीच मोबाईलवर करून बघा, रत्नागिरी-सिंधुदुर्गचे येतात सव्वा. ठाण्याचे येतात चार, बरोब्बर चार. आणि मिळाले किती? आपल्याला एक अख्खा आणि दुसऱ्यातला तिसरा हिस्सा (दापोली-गुहागर रायगडात), ठाण्याला पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार. पैशा-अडक्याचा हिशोबसुद्धा इतका चोख लागत नाही आमच्या मंडळात.

आमदारांचंही तसंच. एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार, रत्नागिरीचे आले पाच, सिंधुदुर्गचे अडीचच्या वर म्हणून तीन. आधी दोन्ही मिळून ११ होते, आता आठ. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावं गेली, कणकवली आणि कुडाळ नवीन आली. मुंबईतही हेच झालं की, शहरात माणसं आटली आणि उपनगरं फुगली तर आज ३६ आमदारांपैकी शहराचे फक्त १० आणि उपनगराचे २६. लालबाग-परळ-शिवडीवाल्यांनी पण मग मेसेज काढावा, गिरणगावची सीट चोरली म्हणून. गिरण्या कोणी बंद केल्या ते मात्र त्यात लिहायचं नाही.

आता ह्या ठाण्याला ‘परप्रांतीयांचं ठाणं’ म्हटलंय तिथे मी अडले, कारण ते ठाणं मी आतून बघितलंय.

माझे बाबा गावातून आले ते लालबागला, गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत वीसेक माणसं, पाळ्यांवर झोपायची, भिंतीला ज्याची त्याची खुंटी आणि खुंटीखाली ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव, गाव, वाडी, तालुका, जिल्हा रत्नागिरी, जसं काही ट्रंक हरवली तर पोस्टमन थेट वाडीत नेऊन देणार. लग्न झाल्यावर आईला आणायचं तर लालबागला जागा कुठली परवडणार, म्हणून मग नालासोपारा, विहिरीच्या पाण्याची चाळवजा बिल्डिंग, आणि पहाटेची विरार लोकल. आमच्या मजल्यावर पाच खोल्या होत्या, एक कणकवली, एक देवगड, एक लांजा, एक जौनपूर आणि एक पाटण. जौनपूरवाले एक होते हं, नव्हते असं मी म्हणत नाही. पण पाचात तीन कुठल्या होत्या ते मोजा.

फेब्रुवारी २००१ ला जनगणनेच्या बाई आल्या, कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षिका असाव्यात, खांद्याला पर्स आणि हातात तो लांबलचक तक्ता, दारातल्या स्टुलावर बसल्या आणि गुडघ्यावर तक्ता ठेवून भरायला लागल्या. मी तेव्हा सहावीत, घरात आम्हीच चौघं. बाई म्हणाल्या, नावं सांगा. बाबा उभे राहून, अगदी आवाज चढवून म्हणाले, “बाई, आमची नावा हय घालू नका, आमचा घर गावाक, हय आमी कामाक इलंव.” बाईंना मालवणी कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “काका, कामाला किती वर्षं झाली येऊन?” बाबा म्हणाले, “एकवीस.” बाईंनी काही न बोलता चार नावं लिहिली. आई आतून चहा घेऊन आली तर बाबा पुटपुटत होते की आता गावात आपली नावं कटणार. बाई गेल्यावर आईने म्हटलं, रेशनकार्ड गावात हा ना, मग झाला तर.

आणि तेच झालं, आईला आणि बाबांना वाटत होतं रेशनकार्ड आणि मतदार यादी गावात आहे म्हणजे आपण गावात आहोत. मतदानाला बाबा जायचे की, निवडणूक आली की परळवरून गाड्या सुटायच्या, रात्रभर घाट उतरून सकाळी शाळेत मत द्यायचं, दुपारी जेवून वाडीत सगळ्यांना तोंड दाखवून परत संध्याकाळची गाडी. पण पुनर्रचना मतदार यादीवर होत नाही, लोकसंख्येवर होते. खासदार किती हे ठरतं तुम्ही राहता कुठे त्यावर, मत कुठे टाकता त्यावर नाही. बाबांनी १९९९ ला मत दिलं राजापूरला आणि २००१ ला मोजले गेले नालासोपाऱ्यात. एका माणसाने दोन वर्षांत स्वतःच्या हाताने आपल्या खासदाराचा वीस लाखावा हिस्सा उचलून ठाणे जिल्ह्यात ठेवला, आणि त्याच्या ट्रंकेवर अजून ‘जिल्हा रत्नागिरी’ लिहिलेलं.

हे एका घराचं नाही हे बघायचं असेल तर अजून एक आकडा बघा. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. आणि मुंबई शहरात हजारामागे ७७७. मुली वाचवण्यात आपण पुढे आहोत म्हणून कोकण असं दिसतं असं एक मेसेज सांगतो (तो पण मामानेच पाठवला होता). अहो, बायका जास्त नाहीत, पुरुष गायब आहेत! ते इथे आहेत, लोकलच्या दारात लटकलेले, भांडुपला, दिव्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. आणि आता बायकाही गावात राहत नाहीत, पोरांच्या शाळेसाठी सगळं कुटुंबच इकडे येतं. २०११ ला तर नुसता वेग कमी नाही, माणसंच कमी झाली, सिंधुदुर्ग ८,४९,६५१ वर आला, रत्नागिरी १६,१५,०६९ वर. आणि ठाणे गेलं १ कोटी १० लाखांवर.

ह्याच्यात कोणाची चूक नाही असं मी म्हणत नाही. रोजगार गावाजवळ का नाही, रेल्वे आली ती ह्याच माणसांना जास्त पटकन मुंबईला आणायला आली का, कंपन्या आल्या त्यांनी काय दिलं काय नेलं, ह्यावर भांडा, मी पण भांडायला येते. पण ‘लोकसंख्या आवरली म्हणून शिक्षा’ हे जे दुसरं टोक काही जण काढतात ते पण आपल्याला लागू होत नाही हो, आपण लोकसंख्या आवरली नाही, ती पोस्ट केली.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, तुकड्या-तुकड्यात, ऑफिसातून घाटकोपर ते भांडुप उभ्याने टाईप करत. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग देवगडवाल्या काकांनी अंगठा दिला. कोणीतरी विचारलं गणपतीचं बुकिंग कधी उघडतंय. मामाने रात्री साडेदहाला लिहिलं, “ता सगळा ठीक हा, पण राजापूर आमचा होता.” मी लिहिलं, होताच मामा.

मग तोच परत म्हणाला की फेब्रुवारी २०२७ ला पुढची जनगणना आहे म्हणतात, आपण सगळ्यांनी ठरवून त्या दिवसांत गावाक जाऊन बसूया, वाडीत माणसं दिसली पाहिजेत. ह्याला मात्र एका मिनिटात सतरा अंगठे आले. काकीने विचारलं, राहायचं कुठे, वाडीतल्या चौदा घरांपैकी पावसाने पडली नाहीत ती नऊ, आणि त्यातली चूल पेटते ती चार घरात. त्याच्यावर मामाने लिहिलं, “माझ्या घराची किल्ली कोणाकडे हा?” अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.